चिंचेनं घासलेला बादशहा

प्रिय अहो,

तुम्ही हयात होतात तोवर एका घरात राहत होतो, पत्राची वेळ कधी आली नाही. पण आज दुपारी तुमच्या ऑफिसातले अबू समीर भेटायला आले, एक वाक्य बोलून गेले, आणि तेव्हापासून मला काही कळेनासं झालं आहे.

ती सात तांब्याची नाणी त्यांनीच तुम्हाला दिली होती. सिरियातल्या त्यांच्या शेतात सापडलेली, हिरवी, ओबडधोबड. तुम्ही भिंगातून दाखवलंत. बायझंटाइन बादशहा उभा, आणि बाजूला अरबी अक्षरं! राज्य अरबांचं आलं, पण लोकांचा विश्वास जुन्या नाण्यावर, म्हणून बादशहा तसाच ठेवला.

"राजा त्यांचा, अक्षरं यांची. मग नाणं कुणाचं हो?"

"अगं, ज्याच्या हातात असेल त्याचं."

सत्त्याण्णवचा दसरा. मी देवांची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासत होते. नाणीही तांब्याचीच. घासली. अक्षरं पुसट झाली, मला वाटलं मळच होता. लख्ख करून ताम्हनात मांडली, तुम्हाला आवडतील म्हणून!

तुम्ही आलात. बघत राहिलात. "छान चमकतायत," म्हणालात आणि आंघोळीला गेलात.

का नाही ओरडलात? आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलायचात ना?

आज अबू समीरनी खिशातून त्यांच्याकडचं एक नाणं काढलं. हिरवंच. "उम्म निखिल," निखिलची आई म्हणून ते मला अशीच हाक मारतात, "हा थर म्हणजे त्याची कातडी. घासलं की खलास." मग म्हणाले, "तुमची सात अबुधाबीहून दुबईत, करामाला घर हलवताना हरवली. तुमचा नवरा किती वेळा सॉरी म्हणाला! मी म्हटलं, हबीबी, सोड आता."

हरवली? नाण्यांचा डबा तर कपाटात आहे. मी चहा ओतत राहिले. कपाबाहेर.

मला सांभाळलंत, की माझी लाज वाटली? की हिला सांगून काय उपयोग, असं वाटलं? सहा वर्षं मी समजत होते, तुम्हाला आवडलं. आता तुमचं 'छान' आठवतं, तर कुठलं खरं, कुठलं नाही, समजत नाही. पोहे छान. साडी छान. सगळंच?

शुक्रवारी अबू समीर तुमचे ऑफिसातले कागद घेऊन येणार आहेत. तेव्हा डबा त्यांच्यापुढे ठेवीन. सांगेन, मी घासली. वचन देते. तुम्ही खोटे ठराल, ठाऊक आहे. त्याबद्दल रागवायचं असेल तर आता तरी रागवा.

तुमची,
सुनंदा