हळदीचा रंग

पवनी, रविवार, दिवेलागणीची वेळ

आमच्या लग्नाची जुनी डीव्हीडी अडकत होती, म्हणून हे आज तिची नवी कॉपी करून घेऊन आले. लावली, तर हळदीच्या कार्यक्रमात माझ्या अंगावर हळदच नाही! पिठात पडल्यासारखी पांढरीफटक मी. वाटलं, टीव्हीच बिघडला. ब्राइटनेस कमी केला, तर माझा चेहरा राखेसारखा झाला आणि मागचं माहेरचं अंगण, बाबांनी घातलेला जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, सगळं काळंठिक्कर. कॉन्ट्रास्ट वरखाली केला, तरी तेच.

मग ब्राइटनेस होता तिथे आणला आणि जुनी डीव्हीडी पुसून लावली. अडकायच्या आधी क्षणभर दिसलं. मी सावळी, गालावर पिवळीधमक हळद, मागे अंगण. म्हणजे टीव्ही ठीकच आहे.

यांना विचारलं, तर म्हणतात कसे, "मीच सांगितलं दुकानवाल्याले, नवरीले जराशी उजळ कर म्हणून. चांगली गोरी दिसून राहिली ना! काहून चिडून राहिली?"

जराशी उजळ. इतकी वर्षं संसार केला, आणि यांच्या मनात हे होतं?

ते अंगण गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता फक्त या डीव्हीडीत उरलंय. माझा हा गोरा रंग उतरवायला जावं, तर तेही अंधारात जातं.

शेवटी नवी कॉपीच परत लावली, ब्राइटनेस होता तिथेच ठेवला. अंगण दिसलं, मांडव दिसला. पाटावर कोणी गोरी बाई बसली होती. यांची बायको असेल.