थोरल्या जावयाचं विमान

५ जानेवारी २०२५, रविवार. संध्याकाळी.
आजपासून रोजनिशी. कारण, डोकं तापलंय आणि बीपीची गोळी घेऊनही उतरत नाही.
आज साडू विश्वजितनं सगळ्या नातेवाइकांना तपोवनच्या मैदानावर नेऊन रिमोटचं विमान उडवून दाखवलं. स्वतः बनवलेलं. एक मोटर, पुढं एक पंखा. वर गेलं, दोन गिरक्या मारल्या, खाली उतरलं आणि पाळलेल्या कुत्र्यासारखं त्याच्या पायाशी येऊन थांबलं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. हळू.
येताना स्कूटरवर मागं बसून संयोगिता म्हणाली, विश्वजितरावांच्या हाताला वळण आहे हो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या हाताबद्दल ही बाई एकदाही काही बोललेली नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत प्लायवूडचं दुकान माझं. लाकूड मी ओळखतो. तो पॉलिटेक्निकात वर्कशॉप शिकवतो. शिकवणं वेगळं आणि करणं वेगळं.

६ जानेवारी. दुपारी, दुकानात.
आजऱ्याहून मेहुण्याचा फोन. अमरसिंहाचा. १३ एप्रिलला सासूबाईंची पंचाहत्तरी. काजूंनी त्यांची तुला करायची आणि त्याच वेळी वरून विमानातून फुलं टाकायची. विमान धाकट्या पावण्यांचं, म्हणजे विश्वजितचं.
म्हणजे मी काय मांडवात पाणी वाटायचं?
सांगून टाकलं, थोरला जावई मी, फुलं माझ्या विमानातून पडतील. अमरसिंह म्हणाला, दाजी, तुमच्याकडं विमान कुठाय? म्हटलं, होईल. दोन मोटरींचं होईल. ‘दोन?’ एवढंच म्हणाला. भारावला असणार.
मग सासूबाई फोनवर आल्या. “मान थोरल्याचाच. न्हाईच जमलं तर धाकला हायच की.”
हे दुसरं वाक्य रात्रभर कानात वाजणार.

१२ जानेवारी.
इंटरनेटवर प्लॅन मिळाला. दोन मोटरी, पंख टोकापासून टोकापर्यंत आठ फूट. विश्वजितचं पाच फूट होतं.
एवढा मोठा कागद छापणार कोण? कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला केरबा. त्यानं आधी विचारलं, वाढदिवस कुणाचा? म्हटलं, विमान आहे. म्हणाला, मग फोटो कुठं लावायचा? विमानाच्या प्लॅनला फोटो नसतो हे त्याला पटवायला अर्धा तास गेला.
कागद माडीवर अंथरले. पंखाचा कागद एकच आहे. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत काहीतरी सूचना आहे. सूचना नवशिक्यांसाठी असतात. वाचत बसलो नाही.
संकल्प: रोज पहाटे पाच ते सात काम. एकही दिवस खाडा नाही.

२० जानेवारी.
पहाटेचं जमत नाही. थंडी. गोंद वाळत नाही थंडीत, हे शास्त्रीय कारण आहे. सुधारित संकल्प: संध्याकाळी सात ते नऊ.

२९ जानेवारी.
संध्याकाळी गिऱ्हाईक असतं. अंतिम संकल्प: रविवार.

९ फेब्रुवारी, रविवार.
पहिला पंख पूर्ण. चार फूट. वरून फुगीर, खालून सपाट, कागदात आहे अगदी तसा. बाल्साचं लाकूड इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटतच नाही. पहिल्या दिवशी तीन पट्ट्या नुसत्या बघून मोडल्या.
संयोगिता चहा द्यायला वर आली. म्हणाली, फळी कशाची?

२३ फेब्रुवारी, रविवार.
दुसरा पंखही झाला! त्याच कागदावर, त्याच मापानं. दोन्ही एकावर एक ठेवून बघितले. तंतोतंत. केसाचाही फरक नाही. खालचा वरच्याआड दिसतच नाही. आमच्या कोल्हापुरी भाषेत, जाळ आणि धूर संगटच!
फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘दोन्ही पंख हुबेहूब.’ सतरा अंगठे आले. विश्वजितचा नाही. त्याचा पाच मिनिटांत फोनच आला.
उचलला नाही. जळतोय.

२४ फेब्रुवारी.
सकाळपासून त्याचे चार मिस्ड कॉल. मग मेसेज, ‘दादा, पंखाचं जरा बोलायचं होतं.’ बोलायचं असणारच. रात्री झोप लागली नसेल बिचाऱ्याला. ब्लॉक केला.
लोक म्हणतील, सयाजी मत्सर करतो. मत्सर बरोबरीच्या माणसाचा करतात. माझ्या दोन मोटरी, त्याची एक.

२७ फेब्रुवारी.
विश्वजित थेट दुकानात आला. मी मागं गोदामात, आठ बाय चारच्या शीटांमागं उभा राहिलो. गड्याला सांगून ठेवलं होतं, मालक नृसिंहवाडीला गेलेत म्हण. तो पाऊण तास बसला. गेल्यावर बाहेर आलो तर अंगभर भुसा.
घरी गेलो तर संयोगिता दारातच. धाकट्या बहिणीकडून कळलं म्हणे तुम्ही वाडीला गेलेला, कवठाची बर्फी कुठाय? विसरली म्हणालो. वाडीला जाऊन बर्फी विसरणारा माणूस तिनं उभ्या जन्मात बघितला नाही म्हणाली.

२८ फेब्रुवारी.
वाडीला गेलो. बर्फी आणली. दत्तापुढं उभा राहिल्यावर मागायचं काय तेच सुचेना. शेवटी, विश्वजितचं विमान पडू दे असं न म्हणता, माझं उडू दे, म्हणालो. देवाला दुसरं वाक्य ऐकू गेलं असेल. पहिलं मनातच होतं.

२ मार्च, रविवार.
संताप! केरबानं सहज सांगितलं, धाकट्या पावण्यांनी बी तुमचीच फाईल छापून नेली. नक्कल! माझ्या विमानाची नक्कल! विचारलं, सगळी नेली? नाही म्हणाला. “पंखाचा तेवढाच कागद. त्यो बी उलटा छापून द्या म्हणालं. आरशात दिसतंय तसा.”
उलटा! पॉलिटेक्निकातल्या माणसाला सरळ कागद वाचता येत नाही. मी आणि केरबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. केरबा कशाला हसला माहीत नाही.

१६ मार्च, रविवार.
जोडणी. विमानाचं धड दुकानातल्या चांगल्या प्लायचं केलंय. एका बाजूला पंख लावला, बसला. दुसऱ्या बाजूला दुसरा लावला. त्याची पुढची कड मागं आली.
काढून परत लावला. परत मागं.
चहा घेतला. पंधरा मिनिटं डोळे मिटून बसलो. परत लावला. तेच.
प्लॅनमध्ये चूक आहे. फुकटच्या प्लॅनचा भरवसा काय धरायचा!

१७ मार्च.
सुटलं! रात्री अंथरुणात पालथा झालो आणि सुचलं. पंख पालथा करायचा. पालथा केला की पुढची कड पुढं येते. आता तो वरून सपाट आणि खालून फुगीर दिसतो, आणि त्याची मोटर खालच्या ऐवजी वर येते. एक मोटर खाली, एक वर. असं डिझाईन मी तरी कुठं बघितलेलं नाही. पेटंटचं बघायला पाहिजे.
विश्वजितला हे सात जन्मात सुचलं नसतं.

३० मार्च, गुढीपाडवा.
विमान पूर्ण. पांढरं, शेपटीवर भगवा पट्टा. पोटाखाली आइस्क्रीमचा डबा, रिमोटचं बटण दाबलं की झाकण उघडतं. दोन्ही मोटरी घरात चालवून बघितल्या. गुढीची साखरेची माळ उडून शेजाऱ्यांच्या गॅलरीत गेली.
संयोगिता विमानाकडं बघत उभी राहिली. मी वाट बघत होतो. म्हणाली, एका बाजूनं रुसल्यासारखं दिसतंय का हो?
तिच्या माहेरची नजर. सोडून दिलं.

६ एप्रिल.
उडवायचा सराव मोबाईलवर करतोय. एक्केचाळीस वेळा उडवलं, चाळीस वेळा पडलं. मोबाईल जुना आहे. प्रत्यक्ष ट्रायल घ्या असं अमरसिंह म्हणतोय. ट्रायल घेतली की चार लोक बघतात आणि गुपित फुटतं. खऱ्या पैलवानानं मैदानाआधी कुस्ती दाखवायची नसते.

१० एप्रिल.
केरबाकडून फ्लेक्स केला. दहा बाय सहा. ‘थोरले जावई सयाजीराव यांच्या दोन मोटरींच्या विमानातून आईसाहेबांवर पुष्पवृष्टी.’ फोटो गॉगलमधला. केरबा खूश. शेवटी फोटो लागला म्हणाला.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी साडेनऊ, आजरा.
घाईत लिहितोय. मांडव पडला. वजनकाटा आला, काजूची पोती आली. घरामागं भाताचं कापलेलं रान, धावपट्टीला एक नंबर. फ्लेक्स लागला. कार्यक्रम अकराला.
विश्वजित आत्ताच गाडीतून उतरला. टपावर चादरीत गुंडाळलेलं लांबडं गाठोडं! चार फूट तरी असेल. नक्कीच विमान. माझं विमान बघून ऐनवेळी आपलं काढणार. सासूबाई म्हणणार, धाकला हायच की.
अकरापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आत्ताच उडवतो. त्यानं गाठोडं सोडायच्या आत.

१३ एप्रिल. दुपारी, गोठ्यामागं.
जे झालं ते लिहितो.
सासूबाईंना खुर्चीसकट रानात आणवलं. लोक हातात नाष्ट्याच्या डिशा घेऊनच आले. मी रिमोट हातात घेतला तोच विश्वजित गाठोडं खांद्यावर घेऊन बांधावरून पळत आला. दादा थांबा, दादा थांबा म्हणत होता. मी दोन्ही मोटरी पूर्ण सोडल्या.
धावलं. चांगलं धावलं. कमरेएवढं उचललं. मग एका बाजूला कलंडलं, आणि माझ्या हाताचं काही न ऐकता, पालथं होऊन, सरळ विश्वजितकडं गेलं. तो खाली वाकला. डब्याचं झाकण आपोआप उघडलं. दोन किलो झेंडूच्या पाकळ्या त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, गाठोड्यावर. एक पाकळी वाया गेली नाही. पुढं विमान काजूच्या झाडाला धडकलं.
मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.
मग टाळ्या. सासूबाई खुर्चीतून उठल्या. पंचाहत्तर वर्षांची बाई, डोळे भरलेले.
“बघा, थोरल्यानं आपला मान धाकल्याला दिला. विमान मोडलं तर मोडलं, पर फुलं भावावर टाकली. ह्येला म्हणत्यात मन.”
संयोगितानं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, मला माहीत नव्हतं हो, तुमचं मन एवढं मोठं आहे.
मलाही माहीत नव्हतं.
सत्कार झाला. पहिली ओंजळ काजू मला. विश्वजितनं सगळ्यांसमोर माझे पाय धरले, त्याच्या केसांतल्या पाकळ्या माझ्या चपलांवर पडल्या. मी ओंजळीतले काजू मुठीत आवळले. आणि वरून हसायचं.

मग तो मला गोठ्यामागं घेऊन आला आणि गाठोडं सोडलं. आत एक पंख. एकच.
“दादा, तुमचं दोन्ही उजवं झालतं. एकावर एक ठेवल्याला फोटो बघितला अन् कळलं. चारचौघांत ग्रुपवर कसं बोलायचं, म्हणून फोन केलता. ह्यो डावा हाय.”
मी पंख हातात घेतला.
“कुणाला सांगितलं न्हाई. झाडाकडं जाताना वारं आडवं आलं म्हणालोय.”
तो गेला. मी इथं बसून लिहितोय. म्हैस माझ्याकडं बघतेय.

१४ एप्रिल.
परत कोल्हापूर. विमानाचं सगळं सामान त्याच फ्लेक्समध्ये बांधून आणलं. पालथा लावलेला पंख काडीकाडी झाला. उजवा शाबूत. धड प्लायचं असल्यामुळं त्याला ओरखडाही नाही. प्लाय माझं होतं, हे नोंदवून ठेवतो.
कागदाच्या कोपऱ्यातली बारीक सूचना वाचली. ‘उजवा पंख दाखवला आहे, डावा याच्या उलट करावा.’ अक्षर फारच बारीक आहे.

१७ एप्रिल.
संयोगितानं माझ्या मोठ्या मनाची गोष्ट अख्ख्या पेठेत सांगितली. केरबानं दुकानात येऊन हात जोडले. अभिनंदनाचा फ्लेक्स फुकट करतो म्हणाला, फोटो तुमचा आणि धाकट्या पावण्यांचा शेजारी शेजारी. नको म्हणालो. तर म्हणाला, किती हा साधेपणा.

१९ एप्रिल.
त्याचा पंख टेबलावर घेऊन दोन तास बसलो. पट्टी, काटकोन्या, दोरी, सगळं लावून बघितलं. कुठंतरी चूक सापडेल. माणूस आहे, चुकणारच. सांध्यात गोंद बाहेर आलेला नाही. कड घासलेली मऊ. माझा उजवा आरशासमोर धरला आणि हा शेजारी ठेवला. केसाचाही फरक नाही.
मुद्दाम केलंय त्यानं.
त्याला अनब्लॉक केलं. मेसेज काय करायचा ते सुचलं नाही. अंगठा पाठवला.

२० एप्रिल, रविवार. सकाळी.
डावा पंख लावला. पहिल्या झटक्यात बसला. पुढची कड पुढं. विमान पहिल्यांदाच विमानासारखं दिसायला लागलं.
संयोगिता चहा घेऊन वर आली. कप ठेवून विमानाभोवती एक चक्कर मारली. उजव्यावरून हात फिरवला, मग डाव्यावरून. डाव्यावर हात थांबला.
म्हणाली, “हा डावा किती सुबक केलाय हो. आता तुमच्या हातालाबी वळण आलं बघा.”
सव्वीस वर्षं.
मी थँक्यू म्हणालो.