पुसलेली खूण

नाशिक, ३ डिसेंबर २०२५

चि. तेजस्विनीस,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांनी मोठी आहे, तेवढा हक्क सोडणार नाही. वि. वि. तुमच्या शिबिरात मोबाइलला बंदी, म्हणून हे पत्र. समोर असतीस तर भांडलेच असते.

तू माझी मामेबहीण. दिंडोरीहून आमच्याकडे शिकायला आलीस, माझ्या खोलीत झोपलीस, माझ्याच जिम्नॅस्टिक्सच्या क्लासातल्या बॅलन्स बीमवर चढलीस, आणि जिल्ह्याच्या संघात एकच जागा होती, तीही घेऊन गेलीस! आईने तुझा पेपरातला फोटो फ्रिजवर लावलाय. पाणी प्यायचं तरी आधी तुझं तोंड बघावं लागतं. वर म्हणते, पोरगी किती साधी! मी नऊ वर्षं त्या चार इंचांच्या पट्टीवर पाय सोलून घेतले, त्याचा फोटो कोण लावणार?

आता खरं लिहिते. खोटेपणाची मला चीड आहे आणि त्यातून मला स्वतःलाही सूट नाही. निवड चाचणीच्या दिवशी तू बीमवर खडूने रेघ मारलीस. शेवटची उडी कुठून घ्यायची, त्याची ती खूण. तू वळलीस आणि मी ती तळहाताने पुसली. तू पडावीस म्हणून. तू पडली नाहीस! मी चढले तेव्हा माझी खूण मात्र सरावातल्या पोरींच्या पावलांनी गेलेली. मी अंदाजाने उडी घेतली आणि गुडघ्यांवर आले.

मामांना सांगायचं तर सांग. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

तुझी,
आरोही

पुणे, ९ डिसेंबर २०२५

ती. आरोहीताईस,

सा. न. वि. वि. आत्याला सांग, फोटो काढून टाक, ताईला सुखाने पाणी पिऊ दे.

ताई, मी खूण कधीच मारत नाही. दिंडोरीला पप्पांनी द्राक्षबागेच्या कडेला वासा टाकून त्यावर गोधडी गुंडाळून दिली होती. गोधडीवर खडू उठत नाही, म्हणून मी पावलं मोजायला शिकले. तीन वर्षं शेजारी सराव करून तुझ्या हे लक्षात आलं नाही, कारण तू फक्त माझे गुण मोजायचीस.

ती रेघ तुझी होती. पोरींनी पुसली म्हणून मीच तुझ्यासाठी नव्याने मारली होती.

तू पुसलीस तेही मी पाहिलं. माझं झाल्यावर तुझी पाळी यायला चांगली वीस मिनिटं होती. तू तुझीच खूण पुसलीस, एवढं नुसतं येऊन सांगायचं होतं. पण जागा एकच होती, ताई. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसून राहिले.

पप्पांना काय सांगू? कुणाचं सांगू?

लोभ आता दोघींनी जपूनच करू. आणि आत्याला म्हणावं, पोरगी साधी नाही.

तुझी,
तेजस्विनी