कडुनिंबाखाली बसायची जागा

नाना, तुमची बाग वाळली. तुमची कसली, लोकांची; तुम्ही असता तर इथेच मला टोकलं असतं. उद्यान विभागातली तुमची खुर्ची आता माझ्याकडे आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीच बोअरची मोटर जळली. वर विचारलं की एकच उत्तर, पैसा नाही, बघू. बघता बघता हिरवळीचं खळं झालं. पोरं धुळीत खेळतात आणि त्यांच्या आया माझ्याकडे अशा बघतात, जणू सगळं पाणी मीच प्यायलोय.

मग साड्यांचे एक मोठे व्यापारी आपणहून ऑफिसात आले. मोटर देतो म्हणाले, झोपाळे, दिवे, नवी हिरवळ, सगळं देतो. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. चहा अर्धा झाल्यावर शेटजी म्हणाले, "बस एक बात है साहब. ये घाट से लौटने वाले अंदर न बैठें. सुबह-सुबह टहलने आओ और सामने मुंडा सिर, अच्छा नहीं लगता." म्हणजे फाटकाजवळचा कडुनिंब. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर आपलं माणूस पोचवून आलेले लोक घरी जायच्या आधी त्याच्याखाली टेकतात, एक पान चावतात आणि उठतात. तिथला माठ तुम्ही रोज सकाळी स्वतः भरायचात. तुम्हाला पोचवून आम्हीही तिथेच बसलो होतो. समोर मुलं लपंडाव खेळत होती, आणि त्यांचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. मी शेटजींना नाही म्हणालो.

नाही म्हणताना डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघर होतं. गणपतीचा दिवस आहे, मोदकांचं सारण निवत ठेवलंय, आई पाटावर बसून दूर्वांच्या जुड्या बांधतेय, आणि तुम्ही दारातूनच विचारता, "दूर्वा कुठल्या?"

"तुमच्याच बागेतल्या. कोपऱ्यात नुसत्या माजल्या होत्या हो, देवासाठी चार खुडल्या."

"बाग माझी नाही. घरात या आल्या, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

आपल्या गल्लीतले सगळेच तिथून दूर्वा आणायचे. पण आईनं त्या जुड्या मुकाट्यानं तुळशीपाशी ठेवल्या आणि गणपतीला दूर्वांच्या जागी अक्षता वाहिल्या. विसर्जनापर्यंत ती तुमच्याशी धड बोलली नाही. मला मात्र तुमचा फार अभिमान वाटला होता.

आता वाटतं, तुमच्या वेळी नळाला पाणी होतं, नाना. पाणी असलं की बाणेदारपणा सोपा जातो. माझ्या एका नकारानंतर आधी गुलाब गेले, मग मोगरा. मी नगर निगमात खेटे घातले, दुकानादुकानांतून हात पसरले. ज्याला द्यायचंय त्याची काही ना काही अट आहेच. बायको मला म्हणते, तुमची तत्त्वं घाला झाडांना, बघा पालवी फुटते का. काल माळी बादली खाली ठेवून म्हणाला, "साहब, नीम तो बच जाएगा. पर उसके नीचे बैठ के लोग देखेंगे क्या?" खरंच, काय वाचवलं मी? रडून आलेल्या माणसाला बसायला धूळ. लपंडाव खेळणारी मुलंही आता यायची थांबलीत. मी पुरता हरलोय.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहितोय, समोर उभं राहून सांगायची माझी छाती नाही. आज दुपारी मी शेटजींना फोन लावला. घंटी वाजली, तसा मीच तोडला. नंबर बघून ते उलट फोन करतीलच. फोन इथे कागदाशेजारी ठेवलाय, आणि मी त्याची वाट बघतोय.