उजव्या हाताचं घड्याळ

५ जानेवारी
किडनीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डायलिसिस आजच नाही म्हणाले, पण तयारी ठेवू. डाव्या मनगटात नस आणि धमनी जोडायची. छोटं ऑपरेशन, मग नस फुगायला महिना-दोन महिने. तो हात आता जन्मभर जपायचा. सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, भाजीची पिशवी नाही, बांगडी नाही. घड्याळ नाही.
बाकी सगळ्याला मान डोलावली. घड्याळावर अडले. म्हटलं, कायमचं? म्हणाले, कायमचं.
ऑटोत साहेब माझी फाईल मांडीवर घट्ट धरून बसले. (जन्मभर पाटबंधाऱ्यात कारकुनी केली, म्हणून मी लग्नापासून यांना साहेब म्हणते.) घरी आल्यावर त्यांनी चहा केला. अर्धा कप, पाणी मोजून. फळीवरची संत्र्यांची टोपली शेजारी देऊन आले, पोटॅशियम नको म्हणून. अमरावतीत राहायचं आणि संत्रं खायचं नाही, ही एक वेगळीच शिक्षा.

७ जाने.
बिस्किटांचा डबा काढला. लोकांच्या बायकांना साड्यांचा नाद, मला घड्याळांचा. मोजली नाहीत, मोजली की साहेब आकडा गावभर सांगतात. पहिल्या पगाराचं चावीचं, सोनेरी, बोराएवढं. शाळेच्या निरोप समारंभाचं चौकोनी, भिंतीवरचं काढून हाताला बांधल्यासारखं. निळ्या तबकडीचं, साहेबांनी भांडण मिटवायला आणलेलं. मुलाने पाठवलेलं ते पावलं मोजणारं, जरा बसलं की दटावतं.
एकेक उजव्या हाताला बांधून पाहिलं. लिहिताना टेबलावर आपटतं, पोळी लाटताना सरकतं. डाव्या हाताने पट्टा लावताना माझी जीभ बाहेर येते म्हणे. साहेब म्हणाले, पहिलीतली पोरगी दिसून राहिली.
ठरवलं. एकच घड्याळ ठेवायचं, नवं, उजव्या हाताचं. लग्नात शोभेल, भीमजयंतीच्या पांढऱ्या साडीवर चालेल, दवाखान्यातही बरोबर येईल असं. बाकीची सगळी देऊन टाकायची. ते मिळालं की ऑपरेशनची तारीख घेऊ.
साहेब लगेच बरं म्हणाले. इतक्या लगेच की मलाच राग आला.

१९ जाने.
राजापेठेची दुकानं पालथी घातली. एक जड, एक फारच नाजूक, एकाचे आकडे रोमन. एक सगळं चांगलं होतं, पण काटे सोनेरी आणि तबकडी पण सोनेरी, वेळ बघायला दुर्बीण लागेल. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.
परतताना साहेबांनी विचारलं, "मॅडम, घड्याळ सापडून नाही राहिलं, का तारीख सापडून नाही राहिली?"
त्यांना माहीत आहे, मग विचारतात कशाला. भीती वाटते मला. हाताला आत कुणी टाके घालणार याची नाही. एकदा हात तयार केला की मशीन येणारच, असं वाटतं. हात तयार नसला तर ते दारातून परत जाईल, असं काहीतरी. सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवलं मी आयुष्यभर. आणि हे माझं डोकं.

२ फेब्रु.
डबा रिकामा करणं सोपं निघालं. चौकोनी शाळेतल्या शिपाईबाईंना आवडलं. पावलं मोजणारं साहेबांनी बांधलं, आता ते बोलणी खातात. निळं मात्र देऊ दिलं नाही. म्हणाले, ते भांडणाचं आहे, घरात राहू दे, लागेल.
राहिलं चावीचं. ते शालूचं. कॉलेजात होती तेव्हापासून धाकट्या बहिणीचा डोळा आहे त्याच्यावर. परीक्षेला घालून जायची, पेपर झाला तरी परत द्यायची नाही.

८ फेब्रु., अकोला
शालूकडे आलो, बसने. मुर्तिजापूरला साहेबांनी भजी घेतली आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ली.
जेवण झाल्यावर शालूच्या हातात घड्याळ ठेवलं. वाटलं होतं, उडी मारेल. तिने डबीत परत घातलं.
"मले काहून देऊन राहिली?"
म्हटलं, तुला आवडतं म्हणून.
"माय जायच्या आधी अशीच भांडे वाटत बसली होती, ताई. मले पाण्याचा पितळेचा गुंड देल्ला. तो अजून वापरला नाही मी. मले नाही पाहिजे तुझं काही."
आणि उठून ओट्याशी गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.
माझ्या मनातही आलं नव्हतं हे. आलं नव्हतं का? नीट आठवून पाहिलं. आलं असावं थोडंसं, निळं घड्याळ साहेबांनी डब्यातून उचललं तेव्हा.
मागे जाऊन उभी राहिले. सांगितलं, मी कुठे जात नाहीये, फक्त माझा हात चाललाय कामाला. हसली नाही. पण हात पुसले.
शेवटी तोडगा तिनेच काढला. घड्याळ तिचं नाही, ती फक्त सांभाळणार. मी मागेन तेव्हा परत. चावीचं आहे, रोज चावी मागतं, हे मी बजावलं. दिवेलागणीला देईन म्हणाली.

९ फेब्रु., अकोला
मिळालं.
शालू, तिची मृणाल आणि मी, बाजारातल्या मोठ्या दुकानात. मृणालने काय काय दाखवलं. मी नाकं मुरडली. मग शालूने कोपऱ्यातलं एक उचलून सरळ माझ्या उजव्या हातात सरकवलं. पांढरी तबकडी, मोठे काळे आकडे, वार-तारीख, पिसासारखं हलकं. आणि स्प्रिंगची चेन.
स्प्रिंगची चेन. आमचे हेडमास्तर घालायचे तसली. त्या चेनीची मी उभ्या जन्मात किती टिंगल केली असेल. ताणून हात घातला की झालं, बांधायला दुसरा हात लागत नाही. शालू म्हणाली, "सुई टोचून पडली राहशील तवा कोण पट्टा लावून देईन तुले? हे घाल."
मृणाल म्हणाली, मावशी, लग्नातपण चालेल. चालेल खरंच. घालूनच बाहेर पडले. मनगटावरची लव ओढते मेली चेन.
साहेबांनी बघितलं आणि तिथल्या तिथे, रस्त्यात, डॉक्टरांना फोन लावला.

१० फेब्रु.
घरी. संध्याकाळी शालूचा फोन. "चावी देल्ली. तू गोळी घेतली?" घेतली नव्हती. घेतली.

१७ फेब्रु.
फोन रोज येतो. जयभीम, चावी देल्ली, गोळी घेतली, ठेवते. तिचं एवढंच. घड्याळ तिला दिलं, की स्वतःलाच चावी बसवून घेतली, कळत नाही. बरं वाटतं पण.

२६ फेब्रु.
ऑपरेशन झालं. फार दुखलं नाही. डॉक्टरांनी बोटं धरून मनगटावर ठेवली. आत मांजर गुरगुरतं तसं, जोडलेल्या नसेतून रक्त धावतं ते. कानाशी नेला हात तर आवाजही येतो, सूं सूं. रोज सकाळी तपासायचं, थांबलं वाटलं तर लगेच यायचं.
साहेबांनी कान लावला. बराच वेळ. मग म्हणाले, चालू आहे. आणि बाहेर जाऊन आले, डोळे लाल.
त्यांनी दुपारीच शालूला कळवलं. तरी संध्याकाळी तिचा फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही.

२७ फेब्रु.
दार उघडलं तर शालू. पहिल्या गाडीने आलेली, केस पण विंचरलेले नाहीत. जयभीम नाही, काही नाही, आधी माझ्याकडे वरून खाली बघितलं. मग रुमाल सोडला. आत घड्याळ, बंद.
काल ऑपरेशनच्या वेळीच बंद पडलं. काळजीने दोनदा चावी दिली म्हणे, जास्त झाली, मोडलं. आणि मग तिच्या डोक्यात नको ते आलं, फोनही उचलवला नाही. आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी मानलेलं नाही, बाबांनी मानू दिलं नाही. तिला आठवण करून दिली. म्हणाली, "मानत नाही. तरी आली मी."
घड्याळ हातात घेतलं. चावी ओढलेली होती. माझ्या ऑपरेशनची वेळ नेमकी कळावी म्हणून बाईने काटे रेडिओशी जुळवले आणि चावी आत दाबायची राहिली. या घड्याळाची चावी ओढली की काटा थांबतो. अंगठ्याने दाबली. चालायला लागलं.
शालूने ते कानाला लावलं. मग माझा डावा हात ओढला, अलगद, आणि त्यालाही कान लावला. डोकं उचलेचना. साहेब चहा घेऊन उभे होते. मी खूण केली, थांबा.
मग रडली ती. मीही. मला फार लाडकी आहे ही मुलगी. पन्नाशी उलटली तरी मुलगीच.
जाताना घड्याळ घेऊन गेली. मागेन असं वाटलं होतं, नाही मागितलं.

२० मार्च
टाके कधीच सुकले. गुरगुर आहे. साहेब सकाळी पेपरच्या आधी माझं मनगट बघतात. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम. आलू दोनदा उकडून, पाणी फेकून. चव फेकूनच.

१३ एप्रिल
उद्या जयंती. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली, नवं घड्याळ त्यावर. बरं दिसतं. मिरवणुकीत थोडंसंच चालायचं, साहेबांची अट. पावलं तेच मोजणार.
परवा डॉक्टर. नस पुरेशी फुगली का बघतील. रक्ताचा रिपोर्ट तेव्हाच. मशीन कधी, की अजून काही महिने नाहीच, परवा कळेल. हात तयार आहे. मीही आहे बहुतेक.
शालूचा फोन. चावी देल्ली, गोळी घेतली. ठेवते म्हणाली नाही आज. म्हणाली, "ऐकू दे."
फोन मनगटावर धरला. मग मीच विचारलं,
"येऊन राहिला का आवाज?"
"येऊन राहिला. आता तू आईक." तिने घड्याळ फोनला लावलं असणार.
फोनमधून असलं काही ऐकू येत नाही. तिलाही माहीत आहे, मलाही. मी कान लावून ठेवला.
म्हटलं, येऊन राहिला.