राजा आराम करून राहिला

११ जानेवारी, शनिवार

गुडघे दुखून राहिले. जिना चढून वर गेलीच नाई. खालूनच आवाज देला — "ओ राजकन्ये, कपडे वायले, काढ."
वरून उत्तर — "राजकन्या अभ्यास करून राहिली, काकू. परजेनं काढा."
तीन वर्सात लय बोलाले शिकली पोट्टी. आली तवा फक्त 'नमस्ते' अन् 'तिखट कमी'. नाव अदेटुन, मी आदे म्हनतो. नायजेरियाची, योरुबा लोकाईतली. माह्याकडं वरच्या खोलीत भाड्यानं राहते, अकोल्यात बरबटीवर, म्हंजे चवळीवर, पीएचडी करते. ज्या शेंगा आमी वावराच्या धुऱ्यावर फुकटात लावतो, त्याच्यावर तीन वर्स! ५ फेब्रुवारीले शेवटचं सेमिनार आहे. ते झालं की सुटली.
बाप राजा आहे तिचा. गाव लहानसं, पन राजा खराच. पयले मले वाटलं, फेकून राहिली. मंग फोटो दाखवला. काचेच्या मन्याईचा उंच मुकुट, शेंड्यावर मन्याचं पाखरू, अन् तोंडासमोर मन्याच्या लडी सोडल्या. तोंडच दिसत नाई. म्हटलं, "हा तं नवरदेव हाय, बाशिंग बांधून."
ती म्हने, मुकुट घातला की तो एकटा मानूस राहत नाई, मागचे सारे राजे त्याच्यात बसते. म्हनून तोंड झाकाचं. अन् मुकुटाच्या आत खुद्द राजानंबी डोकावाचं नाई. डोकावला तं मेला.
"मंग डोक्यावर ठेवते कसा?"
"बायको ठेवते, मागून."
"म्हंजे सारं राज्य बायकोच्या हातात. आमच्याकडंबी तसंच होतं, फक्त मुकुट नोता."

१२ जानेवारी, रविवार

आदेचा भज्याचा दिवस. बरबटी भिजवाची, सालटं काढाचे, वाटून तयाची. त्यायच्याकडं आकारा म्हनते. कढई मांडली की माही कंबर बसते, पन रविवार तिचा.
आज कढई पाहून तिले मागच्या सालची आठवन आली. शेजारच्या दीपमालाचा सासरा नत्थुजी वारला होता. तेरा दिस त्यायच्या घरी माहं वरन जाये, डबा आदेच नेऊन दे. तवा इचारलं होतं तिनं, वरन असं पांढरं कावून? म्हटलं होतं, सुतकात फोडनी देत नाई, कढई मांडत नाई. तिनं वहीत लेहून घेतलं होतं. सारंच लेहते ती.
भजे झाले की बापाले फोन. फोनवरबी गुडघ्यावर बसूनच बोलते. तिकडून दिसत नाई, तरी. मंग मले फोन देते. तो योरुबात काईतरी म्हनते, मी म्हनतो, "काय राजेसाहेब, जेवले का?" दोघंबी हासतो. समजत कोनालेच नाई.
फोन झाल्यावर इचारलं, तुमचा पयला राजा आला कोठून? तं म्हने, आभायातून. खाली सारं पानीच पानी होतं. ओडुडुवा नावाचा साखळीनं उतरला. संगं मूठभर माती अन् पाच बोटाचा कोंबडा. माती पान्यावर टाकली, कोंबड्यानं उकरून चारीकडं फेकली. जेथीसा पडली तेथीसा जमीन. त्या जागेचं नाव इफे. त्याच्या लेकाईनं तिथून मुकुट नेले अन् गावोगावचे राजे झाले.
म्हटलं, "दीपमालाच्या कोंबड्यानं सारा उकिरडा उकरला. एक हात जमीन वाढली नाई."
"त्याले बोटं किती?"
"चार."
"मंग?"
हारली मी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दीपमाला आदेले हळदीकुंकवाले घेऊन गेली. मले कोन नेते. बारा वर्स झाले, आता वाईटबी वाटत नाई, नुसता कंटाया येते.
आदे वान घेऊन आली. साबनाची डबी. म्हने, "काकू, तुमाले कावून नाई?" सांगितलं. नवरा गेला की बाईच्या आंगावरचं एकेक काढून घेते, मंग बोलवाले काई उरतच नाई.
तिनं डबी खाली ठेवली. मंग म्हने, "आमच्याकडं राजा गेला की मोठ्या लेकीच्या आंगावर चढवते."
"काय चढवते?"
"बापाचे कपडे. मानसाचे. डोक्यावर मानसाची टोपी. ती गादीवर बसते, नवा राजा भेटेलोक. मोठे मोठे बुढे तिच्यापुढं लोटांगन घालते."
"किती दिस?"
"सहा महिने. कवा दोन वर्सबी. राजाचे घरानी तीन-चार असते, पाळीनं राज्य येते. पुरोहित ताडाच्या बिया टाकून देवाले इचारते. भांडनं लागते. तवरोक लेकीनं गाव सोडाचं नाई."
"तुमच्या घरी मोठी लेक कोन?"
"मी."
"मंग मिशा वाढव आतापासून."
हासली. पन खिडकीकडं पाहून हासली.

१९ जानेवारी, रविवार

भजे झाले. तिच्या बापाचा फोन लागला नाई. मंग काकाले लावला. तो म्हने, राजा आराम करून राहिला.

२१ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते कोनाले सांगता येत नाई. म्हनून हे.
दुपारी आदे कॉलेजात होती, तवा मले फोन आला. कोला — तिचा चुलतभाऊ. पुन्याले नोकरी करते, दोनदा येऊन गेला इथं. हिंदीत बोलते. म्हने, "आंटी, राजा छत पे चढ़ गए."
मी म्हटलं, "तो सीढ़ी लगाओ, उतारो."
तो म्हने, "अब नहीं उतरेंगे, आंटी." तवा समजलं.
मंग त्यानं सांगितलं, त्यायच्यात राजा मेला असं म्हनत नाई. वर चढला म्हनते. गावालेबी सांगत नाई लवकर. पयले मोठे लोक आतले विधी करते, मंग गावात दवंडी. लेकीले फोनवर सांगाचं नाई, घरचे दोन बुढे समोर बसून सांगतीन. अन् एकदा सांगितलं की तिनं लगोलग निंगाचं. केस कापाचे, बापाचे कपडे घालाचे, गादीवर बसाचं. मंग बरबटी गेली, तीन वर्स गेले.
"दो हफ़्ता, आंटी. सेमिनार होने दो. पाँच तारीख को मैं ख़ुद लेने आता हूँ. आप माँ जैसी हो. उसको पता नहीं चलना."
हो म्हटलं मी. काय म्हनत होती दुसरं?
फोन ठेवला अन् आठवलं, पयल्यांदा मी मस्करीच केली त्या मानसाच्या मरनाची.
सैपाक केला. वरन, भात, वांगं उकडून. आदे आली, जेवली, ताट धुतलं, वर गेली. लाईट लवकरच बंद केला, थकली असन.

२३ जानेवारी, गुरुवार

झोप नाई. मले माहंच आठवते.
हे नागपूरच्या दवाखान्यात होते. मी माहेरी, दर्यापूरले. माहा दीर सूर्यभान जीप घेऊन आला. म्हने, "वहिनी, दादा जरासा सीरियस हाय, चाला." मूर्तिजापूरले गाडी थांबवली. मले समोसा देला, चा देला. डायवरनं काईतरी जोक मारला अन् मी हासली. मोठ्यानं हासली. नागपूर नाई, गाडी सिधी आमच्या गावाले वयली तवा समजलं. अंगनात मानसं बसले होते.
सूर्यभानले मी अजून माफ केलं नाई. खोटं बोलला म्हनून नाई. मले हासू देलं म्हनून.
अन् आता मीच सूर्यभान झाली.
एकच करू शकतो. या पोट्टीले माह्यामुयं हासू द्याचं नाई. मस्करी बंद.

२४ जानेवारी, शुक्रवार

मस्करी बंद करनं म्हंजे खोकला दाबल्यासारखं. सकायी ती उलटं स्वेटर घालून उतरली. जीभ चावली मी.

२६ जानेवारी, रविवार

आदेनं राती बरबटी भिजवली होती. म्हटलं, आज कढई नोको, तेल संपलं. तेलाची कॅन तिच्या समोरच होती, अर्धी भरेल. तिनं कॅनकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. बरबटी उकडून खाल्ली, मीठ टाकून.
बापाले फोन लावलाच नाई आज. म्हने, "राजा आराम करून राहिला असन." म्हटलं, "हो."

२९ जानेवारी, बुधवार

मी गप्प, तं तीच मले हासवाले पाहून राहिली. म्हने, "काकू, तुमी आजारी आहे का? नऊ दिस झाले, मले राजकन्या म्हटलं नाई." बरोब्बर मोजते.
मंग पायाले तेल लावून देलं मले. तेल संपलं होतं ना? त्याच कॅनमधलं.
तेल लावता लावता गोष्ट सांगे. ओयो नावाचं मोठं राज्य होतं त्यायचं, जुन्या काळात. तिथं राजाले कोनी सवाल इचारू शकत नाई. पन राजा माजला तं सात सरदार बसते, अन् त्याले एक झाकेल भांडं धाडते. झाकन काढलं तं आत पोपटाचे अंडे. नाई तं रिकामंच. राजा समजते, आपले दिस भरले.
"चिठ्ठी नाई? निरोप नाई?"
"नाई, काकू. तोंडानं कोनीच काई म्हनत नाई. भांडं पाह्यलं की समजते."
"मंग तो काय करते?"
"भांडं घेते. कोनावर रागवत नाई. धाडनाऱ्यालेबी तरास झाला असन ना."
पाय लय हलके झाले. हात चांगला आहे तिचा. गादीवर बसली तं कोनाचे पाय चेपन ही?

१ फेब्रुवारी, शनिवार

कोलाचा फोन. दवंडी पुढच्या आठवड्यात. म्हने, "आंटी, उसको कुछ मालूम तो नहीं?" म्हटलं, "नाई रे बाबा, पुस्तकात डोकं खुपसून राहिली." तो म्हने, आप बहुत मज़बूत हो. ठेवून देला फोन. मजबूत! गुडघे पाह्य माहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज तिनं सेमिनार मले म्हनून दाखवलं. अख्खं, इंग्रजीत, माह्या सैपाकघरात उभी राहून. मले एक 'बरबटी' समजलं, तेबी तिनं माह्यासाठी घातलं होतं मधात. आवाज कोठीच हालला नाई.
दोन दिस. मंग कोला येईन अन् तिले समजन, काकूले पयल्या दिवसापासून माहीत होतं. मंग ती बारा वर्स मले माफ करनार नाई. तिचा हक्कच आहे. मी नसतं केलं.
मस्करी केली असती तं बरं झालं असतं का? कोनाले इचारू? ताडाच्या बियाबी नाई घरात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

थकली मी. ट्रंक उघडून ह्यांचा फेटा काढला. उगीच. उन्हात ठेवला, कसर लागली होती. आदे म्हने, कोनाचा? म्हटलं, राजाचा.
निंगून गेलं तोंडातून. ती हासली नाई. घडी घालून देली.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकायी हातावर दही देलं. दुपारी तीनले परत आली. झालं सेमिनार, चांगलं झालं म्हने. कोला पाचच्या गाडीनं येऊन राहिला.
बॅग ठेवली, हातपाय धुतले, अन् सैपाकघराच्या दारात गुडघ्यावर बसली. बापाच्या फोनवर बसे तशी. पाट देला, घेतला नाई.
"काकू, पंधरा दिस झाले. आता वरनाले फोडनी द्या."
मी वरनाच्या भांड्यावरचं झाकन काढलं. पंधरा दिस वरन मी केलं, मीच खाल्लं, अन् मलेच दिसलं नाई.
"कवापासून, आदे?"
"पयल्या वाटीपासून."
तेल तापवलं. मोहरी तडतडली, मिरची टाकली. ठसका दोघीलेबी लागला.