सखारामच्या मिशांवर तुझे डोळे

दिवा (पूर्व),
रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

प्रिय सरोज,

सप्रेम जयभीम. इकडे आईचा गुडघा आणि मी, दोघेही ठीक आहोत. मस्कतच्या तुझ्या हॉस्पिटलात नर्सेसना वेळेवर जेवू देतात की नाही ते कळव. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करू का, असं तू विचारलं आहेस. माझं म्हणणं, तुला योग्य वाटेल ते कर. मी अगदी मजेत आहे. (पाणी एक दिवसाआड येतं, पण ते तू असतानाही तसंच यायचं.)

आमच्या वागळे इस्टेटच्या कारखान्यात, टाइम ऑफिसला, कॉम्प्युटर आला. इतकी वर्षं मी हजेरीचं मस्टर हाताने लिहिलं. आता हजेरी नंबर टाकला की कामगाराचा फोटो पडद्यावर येणार. कॉम्प्युटरसाठी काचेची केबिन झाली, एसी बसला आणि पादत्राणं बाहेर काढायचा नियम झाला. (सेफ्टी बूट घाला म्हणून जन्मभर ओरडलो, आता मीच ते काढायला लावतो.) प्रोग्रॅम लिहिणारा नाथा, चेंदणी कोळीवाड्याचा, म्हणाला की चाचणीसाठी कुठलाही एक फोटो द्या. माझ्या पाकिटात तुझ्या व्हिसाच्या वेळचा फोटो होता, तो दिला. नंबराशिवाय फोटो चढत नाही, म्हणून तुला चारशे बारा नंबर दिला.

पहिल्यांदा तू हिरवी आलीस. नाथाने रंगांची सेटिंग सोळावरून दोनशे छप्पनवर नेली तेव्हा माणसात आलीस, आणि मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. चौदा महिन्यांत तुला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मग कामगारांचे फोटो चढवले आणि घोटाळा सुरू झाला. नवा फोटो खालून वर सरकत यायचा आणि नाकापर्यंत येऊन थांबायचा. वरचा अर्धा भाग सकाळी सगळ्यात आधी उघडलेल्या फोटोचाच राहायचा, आणि सकाळी पहिला नंबर मी चारशे बाराच टाकायचो (चाचणी म्हणून). त्यामुळे वॉचमन सखारामच्या झुपकेदार मिशांवर तुझे डोळे आणि तुझी टिकली. लेथवरच्या पंढरीचंही तेच. साहेबांनी वीस-पंचवीस फोटो पाहिले आणि मला केबिनबाहेर नेऊन हळूच विचारलं, की एकाच घरातली इतकी माणसं आपण भरती कधी केली. मी पडदा पुसला, वायरी काढून पुन्हा खोचल्या, मशीन बंद करून चालू केलं आणि पहिला नंबर पुन्हा चारशे बाराच टाकला. तुझे डोळे काही हलले नाहीत.

शेवटी नाथाने प्रोग्रॅम उघडून पाहिला आणि मला सांगितलं, "कुंडलिकभाऊ, जुना फोटू पुसलाच नाय, तं नवा पुरा कसा येल?" तो प्रोग्रॅमबद्दल बोलत होता हे मला कळत होतं, तरी त्या दिवशी त्याचा चहा मी मागवला नाही. नवा फोटो दाखवण्याआधी चौकट कोरी करायची, एवढी एक ओळ त्याने वाढवली आणि सखारामला स्वतःचे डोळे मिळाले. साहेब खूश आहेत. मीही आहे. बाकी क्षेम. करार नीट वाचून मगच सही कर. आईचा जयभीम.

तुझा,
कुंडलिक

ता. क. वर 'शेवटी' लिहिलं आहे ते खरं नाही. नाथाला दोष पहिल्याच दुपारी सापडला होता. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणून मीच त्याला आठ दिवस थांबवलं.

ता. क. २. आणखी एक. तुला नंबर दिला म्हणून कॉम्प्युटरने तुझी हजेरीही धरली. काल गैरहजर कामगारांची पहिली यादी छापून निघाली, त्यात तुझं नाव आहे. आमच्याकडे सलग दहा दिवस न आलेल्याच्या घरी पत्र जातं: 'ताबडतोब कामावर रुजू व्हावे, अन्यथा न येण्याचे कारण लेखी कळवावे.' अशी शेकडो पत्रं मी डोळे मिटून पाठवली. तुझ्या नावाचं लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं, कारण न येण्याचं कारण मला ठाऊक आहे. हट्टाने तुला विमानतळावर सोडायला मीच आलो होतो. मजेत आहे असं वर लिहिलंय, ते खोडलं असं समज. सही करू नकोस, सरोज. जा म्हणणारा मी होतो, आता ये म्हणणाराही मीच आहे.